प्रसारण न झालेल्या टेपा

आमच्या सरकारी शैक्षणिक वाहिनीला पन्नास वर्षं होणार हे संचालकांच्या लक्षात आलं, तेव्हा पन्नास वर्षं व्हायला सहा आठवडे उरले होते. इतकी वर्षं कुणाला काही सुचलं नाही आणि एका सोमवारी सकाळी एकदम इतिहास आठवला. मला बोलावणं आलं. मी टेप लायब्ररीची प्रमुख. प्रमुख म्हणजे एकटीच. माझ्या हाताखाली एक शिडी आहे, तीही एका पायाने अधू.

"पन्नास मिनिटांचा कार्यक्रम करायचा," संचालक म्हणाले. "वर्षाला एक मिनिट. वाहिनीचा सगळा इतिहास त्यात आला पाहिजे. मुलाखती मात्र नकोत. म्हातारी माणसं खुर्चीत बसून 'आमच्या काळी' म्हणायला लागली की लोक चॅनेल बदलतात. लायब्ररीत जे आहे तेवढंच दाखवायचं. वरून मंजुरीही तशीच घेतलीय."

"लायब्ररीत काय आहे ते तुम्हाला माहीत आहे का?" मी विचारलं.

"त्यासाठी तुम्ही आहात ना," ते म्हणाले आणि चहा मागवला. एकच कप.

मला माहीत होतं.

इथे नियम सतराबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. वाहिनी सुरू झाली तेव्हा टेपा परदेशातून बोटीने यायच्या आणि मोजक्याच यायच्या. म्हणून पहिल्या संचालकांनी नियम केला: 'ज्या पाठाचे प्रसारण झाले, त्याची टेप पुसून पुन्हा वापरावी. ज्या पाठाचे प्रसारण झाले नाही, त्याची टेप प्रसारण होईपर्यंत जपून ठेवावी.' वाचायला किती शहाणपणाचा. आता व्हायचं असं, की एखाद्या मास्तरांनी पाठ बिघडवला की तो दाखवता यायचा नाही. पण त्या टेपेवर पाठाचा नंबर पडलेला असायचा, त्यामुळे तिला हातही लावता यायचा नाही. मग नवीन टेप काढायची, पाठ पुन्हा घ्यायचा. या खेपेला तो नीट व्हायचा, दाखवला जायचा आणि पुसला जायचा. बिघडलेला मात्र प्रसारणाची वाट बघत फडताळात बसायचा. तो बसायचा तो कायमचाच, कारण शेळीने मास्तरांचे कागद खाल्लेला पाठ कोण कशाला दाखवेल?

म्हणजे पन्नास वर्षांत जे जे चांगलं झालं ते आम्ही नियमाने पुसलं आणि जे जे फसलं ते नियमाने जपलं. हा नियम बदलावा का, यावर मध्ये दोन समित्या बसल्या. दोन्ही समित्यांच्या बैठकांचं चित्रीकरण झालं. ते कधी प्रसारित झालं नाही, म्हणून तेही माझ्याकडे आहे. पुढे टेपा गेल्या आणि सर्व्हर आला, तेव्हा मला वाटलं आता तरी सुटलो. पण कुणीतरी सर्व्हरलाही नियम सतरा शिकवून ठेवला. आजही दाखवलेला पाठ सात दिवसांनी आपोआप जातो. बिघडलेल्याला धक्का लागत नाही.

तर माझ्याकडे चारशे बारा टेपा होत्या, आणि चारशे बारा टेपांवर चारशे बारा घोटाळे. मी त्यांची धूळ पंचवीस वर्षं झटकली होती, त्यांना नंबर घातले होते, पण बघितलं कधीच नव्हतं. बघायला परवानगी लागते आणि परवानगी फक्त प्रसारणासाठीच मिळते. आता मिळाली. दोन आठवडे मी जुन्या यंत्रासमोर बसले आणि हसून हसून माझी कंबर धरली.

रसायनशास्त्राच्या बाई म्हणतात, "आता हा द्रव निळा होईल." होत नाही. बाई अकरा मिनिटं त्याच्याकडे बघत उभ्या राहतात, अधूनमधून कॅमेऱ्याकडे बघून "होईल" म्हणतात, आणि शेवटी "असो" म्हणून भांडं बाजूला सारतात तेव्हा मागचा पडदा निळा होतो. आरोग्याचे डॉक्टर कमरेतून वाकण्याचे फायदे सांगायला वाकतात आणि तिथेच अडकतात. दोघं कॅमेरावाले त्यांना तसंच उचलून नेतात. जाता जाताही डॉक्टर चौथा फायदा सांगत असतात. 'वीज जपून वापरा' या पाठाला दुसऱ्याच मिनिटाला वीज गेलीय. नऊ मिनिटं नुसता अंधार, आणि त्या अंधारातून मास्तरांचा शांत आवाज येतो, "आता याचं महत्त्व पटलं असेल."

आणि भूगोलकाका. चारशे बारांपैकी एकसष्ट टेपा एकट्या भूगोलकाकांच्या. त्यांनी नकाशा उलटा टांगून सतरा मिनिटं शिकवलंय, तेही इतक्या आत्मविश्वासाने की नद्या खरंच वर वाहत असतील असं वाटावं. ज्वालामुखीची प्रतिकृती पेटवताना त्यांनी स्वतःचा टाय पेटवलाय. पृथ्वीचा गोल त्यांच्या हातून सुटून स्टुडिओभर पळालाय आणि ते त्याच्यामागे. एका टेपेवर तर ते काहीच चुकलेले नाहीत, फक्त पाठ इतिहासाचा होता. थोडक्यात, आमच्या वाहिनीचा इतिहास म्हणजे भूगोलकाका, आणि अधूनमधून शेळी.

संचालकांना मी थोडं दाखवलं. मला वाटलं कपाळाला हात लावतील. ते डोळे पुसत म्हणाले, "हेच लावा. लोक चॅनेल बदलणार नाहीत." मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण चारशे बारा टेपा बघून झाल्या होत्या आणि माझे बाबा कुठेच नव्हते.

माझे बाबा म्हणजे भूमितीचे सर. वाहिनीच्या पहिल्या आठवड्यापासून सव्वीस वर्षं त्यांनी भूमिती शिकवली. एका पिढीने त्रिकोण त्यांच्याकडून घेतला. रस्त्यात अजूनही कुणीतरी टक्कल पडलेला माणूस थांबून त्यांच्या पाया पडतो आणि "सर, वर्तुळ," असं म्हणून गहिवरतो. हाताने वर्तुळ काढायचे बाबा, कंपास न घेता, आणि कॅमेरावाल्यांनी एकदा पैज लावून मोजलं तर ते वर्तुळच निघालं. चूक हा प्रकारच त्यांना ठाऊक नव्हता. घरी आमच्या चपला समांतर असतात. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांचा हिशेब ते डॉक्टरांना दुरुस्त करून देतात. आई म्हणते, "ह्यांच्याशी संसार म्हणजे बेचाळीस वर्षं परीक्षा, आणि सुट्टी नाही." खरं तर त्रेपन्न वर्षं झाली. बाबा दर वेळी आकडा दुरुस्त करतात आणि त्यासाठीच ती चुकीचा सांगते.

पहिल्या दिवशी घरी आल्या आल्या मी या कार्यक्रमाबद्दल सांगून बसले होते. चूक झाली. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, पण त्याच संध्याकाळी त्यांनी धाकट्या भावाला फोन केला. दुसऱ्या दिवसापासून जिन्यात भेटेल त्याला आमंत्रण सुरू झालं. औषधाच्या दुकानदाराला बोलावलं, दातांच्या डॉक्टरांना बोलावलं, तीन जुने विद्यार्थी सहकुटुंब येणार होते. बैठकीत कोण कुठे बसेल याची आकृती काढून झाली, कुणाच्या डोक्यामुळे कुणाला दिसणार नाही तेही कोनांसकट. "मला काही सत्कार-बित्कार नको," बाबा म्हणाले. "खुर्चीत बसवून आठवणीही विचारू नका. मला फक्त शिकवताना दाखवा. अर्धं मिनिट पुरे. मी शिकवताना कसा दिसतो ते मी कधी बघितलेलं नाही."

ते खरं होतं. प्रसारणाच्या वेळी ते पुढच्या पाठाची तालीम करत असायचे. आणि आमच्या घरी रेकॉर्डिंगचं यंत्र कधी आलंच नाही. जो पाठ एकदा बघून कळत नाही तो पाठच नव्हे, असं बाबांचं म्हणणं होतं. मी वाहिनीवरून निवेदन दिलं, कुणाकडे जुनं रेकॉर्डिंग असेल तर पाठवा म्हणून. एका बाईंची एकच कॅसेट आली. तीन सेकंद रिकामा फळा, आणि मग कुणाच्यातरी लग्नातली साडेतीन तासांची पंगत.

मी पुन्हा रजिस्टर काढलं. सव्वीस वर्षांत बाबांचे नऊशे चौऱ्याऐंशी पाठ. प्रत्येकापुढे 'पहिल्या खेपेत योग्य'. मग 'प्रसारण झाले'. मग 'पुसली', आणि पुसणाऱ्याची सही. पान उलटत उलटत मी त्यांच्या शेवटच्या वर्षापर्यंत आले आणि सही बदलली. ती माझी सही होती.

मी लायब्ररीत लागले तेव्हा बाबा निवृत्त व्हायला एक वर्ष होतं. टेप यंत्रात ठेवायची, बटण दाबायचं, घुर्रर्र आवाज झाला की काढून घ्यायची. भांडी घासून पालथी घालावीत तसं मी ते काम करायचे, गाणी गुणगुणत. अडतीस पाठ. माझ्या बापाचे अडतीस पाठ मी माझ्या हाताने पुसले होते आणि मला ते आठवतही नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

रविवारी सकाळी सांगायचं ठरवलं. बाबा वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होते. पेनाने; पेन्सिल त्यांना कमीपणाची वाटते.

"बाबा, तुमची टेप नाहीये."

"कुठली?"

"एकही नाही."

मी सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, टेबलाच्या कडेला समांतर. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं.

"म्हणजे नऊशे चौऱ्याऐंशी पाठांत एकही बिघडला नाही," ते म्हणाले. "हे मला लेखी मिळेल का?"

"घ्या," आई आतून म्हणाली. "लावू भिंतीवर. माझीही सही घ्या साक्षीदार म्हणून."

बाबा उठून गॅलरीत गेले. मला वाटलं, चला, हसण्यावारी गेलं. दहा मिनिटांनी ते परत आले ते दारातच उभे राहिले.

"तो भूगोलवाला आहे?"

"आहे."

"किती वेळा?"

"एकसष्ट."

"नकाशा उलटा टांगणारा माणूस," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तो आहे, आणि मी नाहीच."

मी टेबलावरचं त्यांचं पेन उचललं आणि परत कडेला समांतर ठेवलं.

"शेवटच्या वर्षाच्या टेपा तुझ्याकडे आल्या असतील ना?"

"आल्या होत्या."

"मग?"

"मी पुसल्या, बाबा. अडतीस."

त्यांनी थोडा विचार केला. "नियमाने?"

"नियमाने."

"मग बरोबर केलंस," ते म्हणाले आणि कोडं पुढे सोडवायला बसले. त्यापेक्षा ते माझ्यावर ओरडले असते तर परवडलं असतं.

संध्याकाळी ते भावाशी फोनवर बोलताना ऐकलं. "नको येऊस. तुझे गुडघे दुखतात. आणि तसं काही विशेष नाहीये," असं म्हणत होते. मग औषधाच्या दुकानात फोन. मग दातांच्या डॉक्टरांना. बैठकीची आकृती त्यांनी घडी घालून वहीत ठेवली. आई त्या संध्याकाळी एकदाही त्यांना टोचून बोलली नाही, त्यावरून काय ते समजलं.

दुसऱ्या दिवशी मी संचालकांच्या खोलीत गेले ती तावातावानेच. पण त्यांनीच आधी सांगितलं, की सुवर्णमहोत्सवी आठवड्यासाठी जुन्या मास्तरांना बोलावून प्रत्येकाचा एकेक नवा पाठ घ्यायचाय. "तुमच्या वडिलांनाही बोलवा," ते म्हणाले. "त्यांना अजून उभं राहता येतं ना?" मी हो म्हणाले, बाहेर आले, आणि जिन्यात मला ते सुचलं.

नवा पाठ नीट झाला तर तो दाखवला जाणार आणि सात दिवसांनी जाणार, नेहमीसारखाच. पण तो बिघडला तर? बिघडला तर तो लायब्ररीत येणार. आणि लायब्ररीत आहे तोच आमचा इतिहास, हे खुद्द संचालकांचं म्हणणं. त्यातलं अर्धं मिनिट आमच्या कार्यक्रमात लावता येणार, आणि तुकडा दाखवला म्हणजे पाठाचं प्रसारण होत नाही, म्हणून पाठही राहणार. म्हणजे बाबांना इतिहासात जायला फक्त एक चूक हवी होती.

हे मी घरी सांगितलं आणि बाबा असे भडकले की मला लहानपण आठवलं.

"चुकीचं शिकवू? कॅमेऱ्यासमोर? मुलं बघतात."

"चुकीचा भाग नाही बघणार, बाबा. तो प्रसारितच होणार नाही."

"म्हणजे कुणी बघत नसलं की चुकीचं शिकवायचं? हे शिकवलं का मी तुला?"

"चुकीचं शिकवू नका. नुसतं शिंका मध्येच."

"शिंक आली नसताना शिंकणं म्हणजे खोटं बोलणं."

"मग खरी आणू," आई म्हणाली. ती उठली आणि मिऱ्यांची पूड घेऊन आली. बाबांनी केवळ प्रयोग म्हणून हुंगली. काही नाही. आणखी हुंगली. तरी काही नाही. पण डबी उघडी राहिली आणि मी आणि आई पंधरा मिनिटं शिंकत होतो, आई तर भिंतीला धरून. बाबा मध्ये बसून शिंका मोजत होते. तुझ्या एकवीस, तिच्या सव्वीस, असं त्यांनी आम्हाला नंतर सांगितलं.

"मी मध्येच स्टुडिओत येऊन विचारते, दळण टाकलंत का," आई नाक पुसत म्हणाली.

"ती तुझी चूक होईल. माझी नाही," बाबा म्हणाले आणि विषय संपला. त्यांनी पाठ निवडला: त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज. आठ दिवस तालीम केली. मी पाचव्या दिवसापर्यंत विनवण्या केल्या, मग सोडून दिलं. निदान शेजारीपाजारी एक पाठ बघतील आणि सात दिवसांनी तोही जाईल, असं मनाशी म्हटलं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी पहिला नंबर भूगोलकाकांचा होता. पंच्याऐंशी वर्षं, हातात पृथ्वीचा गोल, आणि स्टुडिओत सगळे मजा बघायला जमलेले. कॅमेरावाल्यांनी आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवलं होतं. पण काका एकदाही अडखळले नाहीत. नकाशा सरळ, गोल जागच्या जागी, टाय शाबूत. बरोबर वीस मिनिटांत त्यांनी नमस्कार केला आणि निर्माती म्हणाली, "ओके, पहिल्या खेपेत." निर्माती म्हणजे आमच्या वाहिनीतली एक तरुण मुलगी, नियमांच्या बाबतीत माझ्याहून कडक. काकांचा चेहरा पडला. "पहिल्या खेपेत?" त्यांनी दोनदा विचारलं. "पुन्हा नाही घ्यायचा?" आणि गोल मांडीवर घेऊन ते कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसले.

मग बाबा आले. त्यांनी फळ्याकडे बघितलं, खडू मोडून अर्धा केला, आणि सुरू झाले.

मी वर काचेमागे निर्मातीच्या शेजारी उभी होते. लहानपणी मी बाबांना पडद्यावर बघितलं होतं, पण तेव्हा मला ते फक्त आपले बाबा वाटायचे. आता पंचवीस वर्षं टेपांवर मास्तर बघून, नव्हे, पुसून, मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस किती चांगलं शिकवतो. तो कुणाला घाई करत नाही. प्रश्न विचारतो आणि उत्तराला जागा सोडतो, जणू कॅमेऱ्याच्या आत खरंच कुणीतरी हात वर केलाय. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की काच धूसर दिसायला लागली. आणि मी मनात म्हणत होते, चुका ना हो, बाबा, एकदा तरी चुका.

चुकले नाहीत. रेघ न् रेघ जिथल्या तिथे. निर्मातीच्या घड्याळात एकोणीस मिनिटं चाळीस सेकंद झाली तेव्हा फळ्यावर 'एकशे ऐंशी' लिहून झालं होतं. आता फक्त नमस्कार उरला होता. पाठ वीस मिनिटांचाच हवा आणि सलग हवा, त्यात कापाकापी चालत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे; पाच सेकंदही जास्त झाले तर पाठ बाद. बाबांनी खडू ठेवला. हात जोडायला वर आले.

आणि खाली गेले. त्यांनी खडू पुन्हा उचलला.

"मुलांनो," ते म्हणाले, "हा पाठ इथे संपतो. सव्वीस वर्षं मी तो इथेच संपवला. पण खरं सांगायचं तर मी तुम्हाला निम्मंच सांगितलं. वेळ नसायचा."

"सर, वेळ," निर्माती माईकमध्ये कुजबुजली. बाबांच्या कानात तिचा आवाज ऐकायचं छोटं यंत्र होतं. त्यांनी ते काढून खिशात ठेवलं.

"ही बेरीज एकशे ऐंशी येते, कारण फळा सपाट आहे. पण आपण सपाट जागेवर राहतो का?" त्यांनी कोपऱ्याकडे बघितलं. "अहो भूगोलवाले. जरा तुमची पृथ्वी आणा इकडे."

भूगोलकाका पंच्याऐंशी वर्षांचे आहेत हे विसरून उठले. गोल घेऊन ते थेट कॅमेऱ्यासमोर आले, वाटेत वायरीत पाय अडकून बाबांच्या अंगावर पडता पडता राहिले. बाबांनी खडू गोलाला लावला.

"पृथ्वीवर खडूने लिहायचं नाही," काका म्हणाले. "नवी आहे ती."

"पुसतो नंतर. इथून, उत्तर ध्रुवावरून, सरळ खाली विषुववृत्तापर्यंत आलो. आता विषुववृत्ताच्या रेघेवर वळायचं, तर कसं वळणार?"

"काटकोनात," काका म्हणाले. त्यांना आपण पाठात आहोत हे बहुधा कळलं नव्हतं.

"शाबास. विषुववृत्तावरून पृथ्वीचा पाव फेरा चाललो. पुन्हा काटकोनात वळलो आणि ध्रुवावर परत आलो. आता इथला कोन बघा. हाही काटकोन. त्रिकोण एक, काटकोन तीन. बेरीज किती?"

"दोनशे सत्तर," काका म्हणाले, आणि गोलाकडे असे बघायला लागले की जणू आयुष्यभर याने आपल्याला काही सांगितलंच नाही.

"चुकलं," निर्माती ओरडली. "सर चुकले. बेरीज एकशे ऐंशी असते. मॅडम, थांबवू का?"

"ते बरोबर आहे," मी तिचा हात धरून म्हणाले. "आणि थांबवलं तर काय होईल?"

"पाठ बाद होईल."

"वीस मिनिटं कधीच होऊन गेली. बादच झालाय तो. चालू दे."

तिने घड्याळाकडे बघितलं, नियमांच्या फाइलकडे बघितलं आणि हात काढून घेतला. खाली ते दोघं म्हातारे त्या गोलावर त्रिकोण काढत सुटले होते. छोटा काढला की बेरीज एकशे ऐंशीच्या जवळ येते, मोठा काढला की वाढते, हे बाबा दाखवत होते आणि काका मध्ये मध्ये "थांबा थांबा, समुद्रातून जाताय तुम्ही" म्हणत होते. बाबा हसत होते. मी त्यांना शिकवताना हसताना कधी बघितलं नव्हतं. वीस मिनिटांत हसणं बसायचं नाही. शेवटी अर्धा खडू संपला तेव्हा बाबा कॅमेऱ्याकडे वळले, "आता मात्र संपलं," म्हणाले आणि नमस्कार केला. काकांनीही केला.

मी जिना उतरून खाली गेले. बाबांच्या बाह्या खडूने पांढऱ्या झाल्या होत्या.

"किती मिनिटं झाली?" त्यांनी विचारलं.

"एकेचाळीस."

"गणित कुठे चुकलं?"

"कुठेच नाही."

"मुलांना काही खोटं सांगितलं?"

"नाही, बाबा."

"पण पाठ नापास."

"नापास. प्रसारणास अयोग्य," मी म्हणाले. "आता तो कुणालाही पुसता येणार नाही. मलाही नाही."

त्यांनी मान हलवली, जणू एखाद्या विद्यार्थ्याने अखेर बरोबर उत्तर दिलं. मग माझा फोन मागितला, घरचा नंबर स्वतः लावला आणि कानाला धरून ताठ उभे राहिले.

"अगं," ते म्हणाले, "मी नापास झालो."

आई काय म्हणाली ते मला दोन हातांवरूनही ऐकू आलं.

"झालात का एकदाचे. मग भावोजींना पुन्हा बोलावते."